शंभरपर्यंतचा तक्ता

माझी मावशी परीक्षा मंडळात फेरतपासणीच्या टेबलावर होती, अठ्ठावीस वर्षं. प्रत्येक उत्तराचा पडताळा घेतल्याशिवाय कागद पुढे सरकवायची नाही, म्हणून तिथे तिला ‘पडताळाबाई’ म्हणत. कौतुकाने नव्हे, कामात खोडा घालते म्हणून. त्या लोकांची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं.

एका वर्षी शिष्यवृत्तीच्या पेपरात प्रश्न होता: १०४०३ ही मूळ संख्या आहे का? म्हणजे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही का? मंडळाच्या उत्तरसूचीत ‘होय’ छापलं होतं. एका गवंड्याच्या मुलीने लिहिलं, ‘नाही. १०२ चा वर्ग १०४०४. त्यातून एक कमी, म्हणून १०१ गुणिले १०३.’ तिला भोपळा मिळाला, आणि त्या एका गुणाने गुणवत्ता यादीतली जागा, म्हणजे शिष्यवृत्तीच, हुकली. शिष्यवृत्ती नसेल तर पोरीचं शिक्षण बंद, असं बापाने फेरतपासणीच्या अर्जात सरळच लिहिलं होतं.

मावशीने पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. पोरगी बरोबर होती.

मंडळाच्या भिंतीवर शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता होता. संख्या कुठलीही येवो, त्यातल्या पंचवीस आकड्यांनी भागून बघायचं आणि भाग गेला नाही की ‘मूळ’ लिहून मोकळं व्हायचं. दहा हजारांपर्यंत हे खपून जातं. १०४०३ ला मात्र पहिला भाग जातो तोच १०१ ने. तक्ता संपला तिथे यांची अक्कल संपली!

मावशी तडक साहेबांकडे गेली.

“साहेब, आपलं उत्तर चुकलंय.”

“बाई, तिघांच्या सह्या आहेत त्यावर.”

“तिघांनी एकच तक्ता बघितला. तुम्ही स्वतः गुणाकार करा ना, एका मिनिटाचं काम आहे.”

साहेबांनी पेनाला हात लावला नाही. समिती बसवली. समितीने चहा घेतला आणि ठरवलं, कुणावर अन्याय नको, सरसकट सगळ्यांचा एक गुण वाढवा. ‘होय’ लिहून ज्यांनी आधीच गुण घेतला होता त्यांचाही.

“अहो, सगळ्यांना दिलात म्हणजे त्या पोरीला काय दिलंत?” मावशीचा आवाज बाहेरपर्यंत गेला. “ती होती तिथेच राहिली!”

“समान न्याय झाला ना, बाई? आता विषय संपवा.”

मुलीसाठी छापील पत्र निघालं: आपला एक गुण वाढला आहे, अभिनंदन. पाकिटं भरायचं काम मावशीकडेच होतं. तिने त्या पत्राखाली शाईने लिहिलं, ‘बाळ, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक आमची.’ आणि पाकीट चिकटवलं.

बापाने ते पत्र घेऊन मंडळ गाठलं, तेव्हा साहेबांना ते कळलं. कार्यालयीन पत्रावर विनापरवानगी मजकूर लिहिल्याबद्दल दोन दिवसांत खुलासा करा, असा मेमो मावशीच्या हातात पडला. मुलीची शाळा त्याच महिन्यात सुटली. त्याचा खुलासा मात्र कुणी कुणाकडे मागितला नाही.