साखराबाईचे कान

माझी निम्मी हयात रंगमंचावर गेली. त्या रंगमंचाचे पडदे, पेटी, तबला, राजाचं सिंहासन, सारं ज्या गाडीतून जत्रेजत्रेला फिरलं ती सटवाजीची डिझेल पिकअप. पुढे नाटक कंपनी मोडली. मी मुखेडला एसटी स्टँडमागे खोली घेतली, आणि सटवाजी जवळच्याच आपल्या गावी परतून त्या गाडीतून बाजाराला माळवं नेऊ लागला. गाडी म्हातारी झाली, पण त्यानं तिला कधी गॅरेज दाखवलं नाही. बिघाड झाला की दारातल्या बाभळीखाली तो स्वतःच इंजिन उघडायचा.

रीत ठरलेली. त्याची बायको साखराबाई आत बसून अॅक्सिलेटर दाबायची. हा लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचा आणि मूठ कानाला, वैद्यानं नाडी धरावी तसा. मग एकेका सिलिंडरची डिझेलची नळी किंचित ढिली करायचा. जी ढिली केल्यावर खडखड थांबेल, दोष तिच्या टोकाच्या नोझलात, डिझेल फवारणाऱ्या तोटीत. "हं, कळलं," म्हणायचा. त्या दोघांच्या प्रयोगात संवाद तेवढाच.

गेल्या माघात गाडी खडखडू लागली. सटवाजीनं नोझल काढलं, धुतलं, बसवलं. पुन्हा काढलं. खडखड तशीच. त्याचा मुलगा किशन शेती बघतो. तो म्हणाला, "बाबा, वाटंत इंजिन जाम झालं तर? आई असती गाडीत." त्यानं लातूरच्या भंगारवाल्याला बोलावलं. सटवाजीनं मला सांगून पाठवलं, नाना, गाडीचं शेवटचं दर्शन घ्यायला या.

मी सकाळीच गेलो. भंगारवाला यायचा होता आणि सटवाजी अजून बॉनेटमध्ये वाकलेला होता. साखराबाई आत अॅक्सिलेटरवर, किशन बाजूला उभा.

"कळलं. पहिल्यात हाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "न्हाई, दुसऱ्यात." आणि प्रत्येक वेळी बॉनेटच्या कडेनं वाकून साखराबाईच्या तोंडाकडे बघत होता. वाक्यं विसरलेला नट विंगेकडे बघतो ती नजर मी जन्मभर पाहिली आहे. मी साखराबाईला खुणेनं इंजिन बंद करायला लावलं, सटवाजीच्या पाठीशी गेलो आणि म्हणालो, "सटवाजी, चहा घेऊ रे."

तो वळला नाही.

मी समोर जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं पेचकस खाली ठेवला.

"न्हाई येत ऐकू, नाना," तो म्हणाला. "लई दिस झाले. डाव्यानं तर कायच न्हाई."

साखराबाई खाली उतरली. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मला ठावं हाय. तुमी 'व्हय' म्हनता ते बी चुकीच्या जागी."

किशनला हसू आलं, मग त्यानं मान खाली घातली.

"मग बोलली का न्हाईस?" सटवाजीनं विचारलं.

"तुमी इचारलं का?"

असं म्हणून तिनं पेचकस उचलला. किशन आत बसला, इंजिन सुरू झालं. तिनं मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. सटवाजीनं पान्यानं पहिली नळी ढिली केली. तिनं नाही म्हणून मान हलवली. दुसरी. पुन्हा मान हलली. तिसऱ्या नळीला तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

त्या नोझलची सुई आत अडकली होती. सटवाजीनं ती डिझेलमध्ये धुऊन मोकळी केली, नोझल पुन्हा बसवलं. गाडी सुरू झाली. त्यानं मडगार्डवर तळहात टेकला.

"कसा हाय आवाज?"

"तुमच्या घोरण्यावाणी," साखराबाई म्हणाली. "एकसारखा."

भंगारवाला दुपारी आला. किशननं त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मला मुखेडला सोडायचं होतं. किशन वडिलांसाठी स्टीअरिंगवरून उठू लागला. सटवाजीनं त्याला हातानंच बसवलं. "तूच चालव. मागचा हॉर्न कळत न्हाई मला."

मी मागे हौद्यात चढलो, जिथं एकेकाळी आमचं सिंहासन असायचं. सटवाजी वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. इतक्या वर्षांत तो त्या बाजूनं कधी बसलाच नव्हता. दार त्याला उघडेना. ते जरा वर उचलून ओढावं लागतं. साखराबाईनं पुढे होऊन ते उघडून दिलं आणि तो आत बसेपर्यंत धरून ठेवलं.