मनकर्णाबाईंच्या पांढऱ्या पेशी

शहरातल्या कॅन्सर रुग्णालयात रक्त घेणाऱ्या पद्मजाताईंचा हात फार हलका. तोंडाला मात्र विसावा नाही. किमो घेणाऱ्यांच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद कशी घटते आणि कशी परत भरते, याचा अभ्यास तिथे दोन वर्षं चालला होता. चाळीस रुग्ण, प्रत्येकाचं सहा वेळा रक्त. पहिली नळी किमोच्या आधीची, बाकीच्या ठरल्या दिवशी. एक दिवस हुकला की माणूस बाद. म्हणून ताई घरचं कार्य असल्यासारखं सगळ्यांना फोन करकरून बोलवायच्या. एकोणचाळीस जण त्यांनी असे तडीस नेले. चाळिसाव्या मनकर्णाबाई.

बाई वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदा निवडायच्या. छातीत गाठ निघाली आणि काम सुटलं. रक्त द्यायच्या दिवशी मात्र पहिली एसटी धरून वेळेआधी हजर. येताना कधी शेंगा, कधी लसणाची जुडी; नको नको म्हटलं तरी टेबलावर ठेवून मोकळ्या. ताईंना त्यांचा लळाच लागला. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची मोजणी आली की आकडा वाचून दाखवायच्या आणि "या वेळी फारच कमी आल्या हो मावशी," म्हणून हळहळायच्या. किमोनंतर पेशी घटणारच, तेच तर बघायचं होतं. पण हे ताईंच्या जिभेला कोण सांगणार?

सहाव्या वेळी आकडा भलताच चढला. ताईंनी पुन्हा मोजायला लावलं, तोच आला. मनकर्णाबाईंना विचारलं, तर त्या खुशीत होत्या. गावातल्या एका दवाखान्यातून त्यांनी पेशी वाढायचं इंजेक्शन टोचून घेतलं होतं.

"कशासाठी, मावशी? त्रास होत होता का?"

"नाय वं. दर खेपेला तुमचं तोंड उतरायचं. म्हनलं, शेवटाला तरी पास व्हावं."

ताईंना राग आला, आणि थोड्या वेळाने कळलं की तो स्वतःचाच आहे. इंजेक्शनची नोंद रुग्णालयात कुठेच नव्हती. गप्प बसलं तर चाळीस पुरे होत होते, कुणाला पत्ता लागला नसता. पण अशा आकड्यांच्या भरवशावरच उद्या कुणाच्या तरी औषधाचा निर्णय होणार होता. ताईंनी आधी डॉक्टरांना फोन करून इंजेक्शनचं सांगितलं. मग फॉर्मवर लिहिलं: रुग्ण अभ्यासातून बाद. खाली आणखी एक ओळ घातली: आकडे वाचून मी रुग्णासमोर हळहळत असे, त्यामुळे हे घडले.

हे बाईंना सांगणं सगळ्यात अवघड होतं. उपचार आहेत तसेच चालतील, चूक माझी, तुमची नाही, असं ताई दोन-तीनदा म्हणाल्या. बाई खाली बघत ऐकत होत्या. पुन्हा पहिल्यापासून घ्या म्हणाल्या, रगत लई हाय अजून. तसं चालत नाही, किमोच्या आधीची नळी आता कुठून आणायची, हेही ताईंना सांगावं लागलं.

"म्हंजी आता मला बोलवनार नाय?"

"रक्ताला नाही, मावशी."

"घरी समदे म्हन्त्यात, बस, काय करू नको. इथंच तेवढं माझं काम व्हतं."

पद्मजाताई खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि बाकीच्या पेशंटसमोरच रडल्या.