दातानं फाडलेला पडदा

केमोच्या पाचव्या फेरीनंतर माझ्या प्लेटलेट घसरल्या आणि मी घरात कैद झालो. रक्त गोठवायचं काम या प्लेटलेटचं. त्या कमी, तर साधं खरचटणंही महागात पडतं. म्हणून बायकोनं दाढीचं ब्लेड, सुया, कात्री, सगळं कपाटात कुलूपबंद केलं. स्कूटरची किल्ली त्याआधीच तिथं गेली होती. ब्रश लहान पोराचा. भाकर दुधात कुस्करून. आशा एकच: सोमवारच्या तपासणीत आकडा वर आला, तर शेवटची केमो वेळेवर होणार आणि मी गांधीबागेतल्या माझ्या कापड दुकानाच्या गादीवर परत बसणार.

रविवारी दुपारी बायको खिडकीच्या पडद्याचं कापड मोजत होती. शेजारणीनं हाक मारली म्हणून गेली. कापडाजवळ मी एकटा. आम्हा कापडवाल्यांची एक जुनी खोड आहे. कात्री हाताशी नसली, की काठ दातात धरून जरा चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचं. तिला मदत करावी म्हटलं. काठ चिवट निघाला. कापड फाटलं बोटभर. हिरडीचं काही विचारू नका.

बायको आली तेव्हा मी तेच कापड तोंडाला लावून बसलो होतो.

"काय करून राहिले तुम्ही?"

"काही नाही वं. कापड पाहून राहिलो."

"तोंडानं?"

रक्त थांबेना. हॉस्पिटलात सिस्टरनं विचारलं, कशानं लागलं. बायकोनं सांगून टाकलं.

"काहून काका, घरी जेवायले नाही भेटत?"

मग पिशवी टांगली. प्लेटलेट लाल नसतात, फिकट पिवळ्या असतात. दुकानात हा रंग मी बदामी म्हणून खपवतो. सिस्टर म्हणाली, प्लेटलेट रक्तपेढीत मशीनवर सारख्या हलवत ठेवाव्या लागतात, नाहीतर खराब होतात.

"अन् मले?"

"तुम्ही हात बिलकुल हलवायचा नाही."

पिशवी संपेपर्यंत मी छताचा पंखा पाहत पडलो.

रक्त थांबलं, पण सोमवारचा आकडा केमोपुरता चढला नाही. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. घरी आलो. दोन दिवसांनी बायकोनं तेच कापड धुऊन पडदा म्हणून खिडकीच्या दोरीवर नुसतं टाकलं, चिरीसकट.

"ही शिवली काहून नाही?"

"सुई बाहेर काढू? तुम्ही घरात असताना?"

खाटेवरून मला त्या बोटभर चिरीतून रस्ता दिसायचा. पूर्ण नाही, जाणाऱ्या स्कूटरचं एक चाक तेवढं.