सुजलेल्या पायातलं जोडवं

परभणीच्या डॉक्टरांनी मायची ब्लडप्रेशरची गोळी बदलली आणि पंधरवड्यात तिचे पाय सुजले. सकाळी जरा बरे असायचे, दुपारनंतर घोट्याची हाडं दिसेनाशी व्हायची. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. मी सासरहून पोखर्णीला आले ती हे पाय बघायलाच, आणि आल्या आल्या चिडले.

"डॉक्टरला सांगितलंस का?"

"काय सांगायचं? डोकं दुखायचं राहिलं ना," माय म्हणाली. "आता वयच झालंय."

शेजारणीच्या सांगण्यावरून ती रोज गरम पाण्यात पाय बुडवून बसायची. त्यानं सूज आणखी चढली. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, ही सूज त्या गोळीचीच. दुसरी दिली आणि पाय हळूहळू उतरलेही. पण तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टरकडे जायलाही सोय नव्हती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, मी आल्यावर दोनच दिवसांत एसट्या बंद झाल्या होत्या. कुठं गाडी जाळली, कुठं दगड पडले, असलं रोज कानावर यायचं.

त्यातच माझे वडील, आप्पा, त्यांच्या आजारी बहिणीला बघायला गंगाखेडला गेलेले आणि ठरल्या दिवशी परतले नव्हते. माय कुणाला काही विचारायची नाही. पण बाहेर सायकल वाजली तरी तिची मान दाराकडं वळायची.

अशात एका दुपारी तिच्या उजव्या पायातलं जोडवं मांसात रुतलं. लग्नातलं, चांदीचं, चांगलं जाड. बोट आधी लाल झालं, मग जांभळं. साबण लावला, गोडंतेल लावलं, दोरा गुंडाळून ओढून पाहिलं. जोडवं तसूभर हललं नाही.

"कापावं लागतंय," मी म्हणाले.

"न्हाई."

"माय, बोट सडंल!"

"माणसाचा पत्ता न्हाई, आन तू जोडवं काप म्हणायलीस? आपल्यात जोडवी कधी उतरवतेत, म्हाईत हाय ना तुला?"

माहीत होतं. नवरा गेल्यावर. म्हणूनच मला तिचा राग आला, आणि त्या रागात मी गावातल्या सोनाराला बोलावून आणलं.

सोनार कानस आणि पक्कड घेऊन आला. पाय बघितला आणि पिशवी खाली ठेवली.

"मालक घरी असते तर लगेच कापलं असतं," तो म्हणाला. "पर असल्या दिवसांत सवाष्णीचं जोडवं मी कसं कापू, ताई? उद्या कायी वंगाळ कानावर आलं, तर गाव मलाच नाव ठिवंल."

त्याच्या डोक्यात तीच पक्कड घालावी असं मला वाटलं. पण खरं सांगायचं तर मीही दाराकडंच बघत होते. कापलं आणि खरंच काही झालं तर? शिकलेली असूनही हा विचार काही केल्या हटेना, आणि त्याची मला स्वतःचीच चीड येत होती.

मी मायच्या बोटाला नख लावलं. "दुखतंय?"

"न्हाई."

मघापर्यंत ती कण्हत होती आणि आता बोटाला काही कळतच नव्हतं. मी सोनाराची पक्कड उचलली. "तुमी नका कापू, मीच कापते." मायनं पाय लुगड्याखाली ओढला आणि त्यावर दाबून बसली. मी ओढतेय, ती हात झटकतेय, सोनार मधे "ताई, ताई" करतोय.

आप्पा आले ते अशा वेळी. अर्ध्या वाटेपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरवर आणि पुढं शेताशेतांतून चालत. गुडघ्यापर्यंत धूळ. मायनं पदर डोक्यावर घेतला आणि ती हमसून रडायला लागली. आप्पांनी माझ्या हातातली पक्कड बघितली, सोनाराकडं बघितलं.

"मालक, कापू का?" सोनारानं विचारलं.

आप्पा खाली जमिनीवर बसले. त्यांनी मायचा पाय लुगड्याखालून बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर घेतला.

माय ओरडलीच. "सोडा! पाय हाय माझा! पाप लागंल मला!" चुकून तिचा पाय त्यांच्या धोतराला लागला तरी वाकून नमस्कार करणारी बाई ती.

"पाय हाय, म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "काप रे तू."

त्यांनी दोन्ही हातांनी पाय घट्ट धरला. सोनार कानस चालवत राहिला, मग पक्कडीनं त्यानं चांदी फाकवली. जोडवं निघालं तशी माय कळवळली. बोटात जीव आला होता. मला रडू फुटलं.

"आता सोडा," माय हळूच म्हणाली.

आप्पांनी सोडला नाही. बोटाचा जांभळा रंग उतरेपर्यंत ते पाय मांडीवर घेऊन तसेच बसले. मायनं दुसऱ्यांदा सोडा म्हटलं नाही.