चुलत्याला दिलेला डाग
कडब्याची गंजी धडाडून पेटली होती आणि माझा थोरला भाऊ तिच्यापुढं उभा राहून टाळ्या वाजवत होता. पंचविशीचा बाप्या, पण समज पाच वर्षांच्या पोराची. अर्धापूरजवळच्या आमच्या गावात भर दुपारी माणसं घागरी घेऊन धावत होती, मीही एक भरून आणली होती. गंजी चुलत्याची होती. वडील गेल्यापासून आम्ही त्याच्याच घरी होतो. "येड्याला बांधा, अमीनसाबाच्या हवाली करा," तो ओरडला. निजामाच्या पोलीस अमीनाकडं नेलेला माणूस धड परतत नसे. मी भावाला विचारलं, "दादा, का पेटवलीस रं?" तो खुशीत म्हणाला, "काकाला डाग दिला. आता काका शाना व्हईल." मी सगळ्यांसमोर त्याचा सदरा वर केला. पोटावर तापल्या विळ्याचे सात डाग होते. मडकं फुटलं, गाय सुटली, की चुलता विळा टेकवायचा आणि म्हणायचा, "डाग दिला की येडा शाना व्हतो." दादा तेवढंच शिकला होता. डाग बघितल्यावर दोरी कुणी आणली नाही. "बघती काय पोरी, वत की घागर!" चुलता माझ्यावर खेकसला. मी ती त्याच्या डोळ्यांदेखत मातीत ओतली. आजही कडबा जळाल्याचा वास आला की मला बरं वाटतं. त्या आगीत कुणी मेलं नाही. दादा वाचला. चुलताही वाचला.