चूक दुरुस्त करायला गावोगाव गेलेले हमीद सर

हमीद सरांना मी प्रथम पाहिलं ते राजूरच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात. माझे वडील कोळसा खाणीत कामाला होते आणि मी वर्गात फारसं न बोलणारी मुलगी होते. सर वणीच्या एका सायकल मिस्त्रींचे चिरंजीव. नोकरीत नुकतेच रुजू झालेले, अजून कायम न झालेले. आज त्यांनी वयाची साठ वर्षं पूर्ण केली आहेत. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे; पण ज्या प्रसंगाने मला शिक्षिका केलं, तोच येथे लिहिते.

त्या दिवशी ग्रह सूर्याभोवती का फिरतात, हे सर शिकवत होते. फळ्यावर त्यांनी दोन बाण काढले. सूर्याचं गुरुत्वाकर्षण ग्रहाला आत ओढतं, तेवढंच दुसरं बल त्याला बाहेर ढकलतं, दोन्ही सारखी म्हणून ग्रह आपल्या कक्षेत राहतो, असं त्यांनी सांगितलं. मला कुठून धीर आला कोण जाणे, मी उभी राहिले.

"सर, दोन्ही बलं सारखी असली तं वस्तू सरळ रेषेत जाते, असं तुम्हीच शिकवलं होतं. मंग पृथ्वी वळते काहून?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. फळ्यावरच्या बाणांकडे पाहून म्हणाले, "बस, वैशाली. मले विचार करू दे."

चार दिवसांनी त्यांनी आम्हाला दूर व्हरांड्यात उभं केलं आणि मैदानात जाऊन दोरीला बांधलेला दगड डोक्यावर गरगर फिरवला. दगड फाटकासमोर येताच दोरी सोडली. तो फाटकाकडे जाईल असं आम्हा सर्वांना वाटलं होतं. तो गेला बाजूला, ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, सरळ.

"बाहेर ढकलणारं काही नाहीच," सर म्हणाले. "पृथ्वी अशीच सरळ निघून गेली असती. सूर्य तिले क्षणोक्षणी आपल्याकडे ओढते, म्हणून तिची वाट वळते. ती सूर्याकडे सारखी पडतच राह्यते. पण आडवा वेग आहे, म्हणून त्याच्यावर आदळत नाही. त्या दिवशी मी चुकीचं शिकवलं. वैशालीचं बरोबर होतं."

मुख्याध्यापकांना हे रुचलं नाही. वह्या ठेवायला गेले असताना मी त्यांचं बोलणं ऐकलं. "गाइडात तेच छापलं आहे. पोरांसमोर चूक कबूल करून शाळेची अब्रू घालवता? तुमचे कायम होण्याचे कागद माझ्याकडे आहेत."

"कागद थांबले तरी चालते, साहेब," सर शांतपणे म्हणाले. "चूक पोरायच्या डोक्यात नाही राहू देणार."

कागद खरंच दोन वर्षं थांबले. सर त्याविषयी कधी बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी ते सरांच्या पत्नीकडून, आमच्या काकूंकडून कळलं.

आदल्या वर्षीच्या वर्गालाही सरांनी तेच शिकवलं होतं. त्या विद्यार्थ्यांना त्यांनी गावोगाव जाऊन एकेक करून गाठलं आणि आपली चूक सांगितली. सोमी नावाची कोलाम आदिवासी मुलगी तेवढी राहिली. ती शाळा सोडून झरी जामणीकडच्या आपल्या गावी परतली होती. एका रविवारी सर आणि काकू तिच्याकडे निघाले, मलाही सोबत नेलं. सोमी मोहफुलं वाळवत होती. सरांचं ऐकून ती चकित झाली.

"सर, मी तं शाळा सोडली. आता मले हे कायले सांगता?"

"तू शाळा सोडली, पोरी. पण माझी चूक तुझ्यापाशीच राह्यली ना."

सोमीने त्यांच्याकडून सगळं दोनदा समजून घेतलं. ती शाळेत मात्र परतली नाही. ती खंत सरांना आजही आहे. त्या वर्षापासून प्रत्येक उन्हाळ्यात ते त्या गावी जाऊन मुलांना शिकवतात. तिथल्या तीन मुली पुढे बारावी झाल्या, त्यांतली एक सोमीची.

आता सरांचे गुडघे दुखतात, तरी त्यांचं जाणं सुटलेलं नाही. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या पायांत बळ राहो, आणि झरीच्या बसमध्ये त्यांना दर उन्हाळ्यात खिडकीजवळची जागा मिळो.