प्रार्थनेत नाव नव्हतं

पाळकसाहेबांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे त्यांच्या बायकोला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. चर्चच्या मंडळीला मात्र इतक्या वर्षांत त्याचा पत्ता नव्हता. मंडळीसमोर साहेब गोड. माईक खरखरला तरी हसायचे, उपदेशाच्या ऐन मध्यावर कुणी फोन कानाला लावून बाहेर गेलं तरी हसायचे. घरी आले की मग पांढरा झगा असा भिरकावायचे, की खुर्चीनेच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. "देवाच्या माणसाने एवढं चिडू नये," असं पाळकीणबाई पूर्वी म्हणत. हल्ली त्या झगा उचलून घडी घालतात आणि एवढंच विचारतात, "आज कोण?"

त्या सोमवारी सकाळी त्यांनी तेही विचारलं नाही. कोण ते घरात दोघांनाही ठाऊक होतं.

साहेबांची प्रार्थना हा मंडळीत चेष्टेचा विषय होता. उपदेश आटोपशीर, पण प्रार्थना सुरू झाली की संपायचं नाव नाही. "साहेबांनी डोळे मिटले की कपडे धुवायला टाकावेत," कॉयरमध्ये गाणाऱ्या बायका म्हणत, "आमेनपर्यंत वाळूनसुद्धा होतात." कारण साहेब कुणालाच विसरत नसत. कुणाचे गुडघे, कुणाची परीक्षा, कुणाचं गळकं छप्पर, कुणाच्या सुनेचं दुसऱ्यांदा राहिलेलं आणि टिकू दे असं मागणं. आठवडाभर घरोघर हिंडून जे ऐकलं ते सगळं रविवारी देवापुढे ठेवायचं, ही त्यांची कामाची रीत. नाव मात्र ते कधी घेत नसत. देवाला नाव लागत नाही, त्याला माणूस कळतो, असं ते म्हणत.

माणूस मंडळीलाही कळतो, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. कसं येणार? त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असत.

काल रविवारी त्यांनी म्हटलं होतं, "प्रभू, जो आमचा भाऊ रोज सकाळी आमची लेकरं गाडीतून शाळेत सुखरूप आणतो, त्याला तू दारूच्या तावडीतून सोडवलंस. कितीतरी महिने त्याने बाटलीला हात लावलेला नाही. त्याबद्दल तुझे आभार मानावे तेवढे थोडे." अगदी मनापासून म्हटलं. म्हणताना गळा भरून आला होता. आमेन म्हणून डोळे उघडले, तर मागून दुसऱ्या बाकाच्या टोकाची जागा रिकामी होती.

ती जागा व्हॅनमामाची. शाळेची व्हॅन चालवणारा, म्हणून पोरांनी त्याला मामा केला आणि मग सगळ्या मंडळीचाच तो मामा झाला. संध्याकाळी गाडी आवारात लावून, किल्ली शाळेत देऊन घरी गेला की तो प्यायचा. गाडीवर कधीच नाही. तरी एक दिवस तो आपणहून पाळकसाहेबांकडे आला होता आणि म्हणाला होता, "साहेब, सकाळी हात थरथरला. पोरं मागे बसली होती. मला भीती वाटली." त्या दिवसापासून त्याने सोडली ती सोडलीच. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती: त्याला, त्याच्या मोठ्या बहिणीला आणि साहेबांना. त्या रविवारनंतर ती सगळ्या मंडळीची झाली.

सोमवारी आठ वाजायच्या आत फोन सुरू झाले. पहिला एका आईचा. साहेबांना वाटलं, ओरडणार. ती म्हणाली, "पाळकसाहेब, फार उपकार झाले. आम्हाला कल्पनाच नव्हती हो."

"कसली कल्पना?"

"मामाची. किती खुबीने सांगितलंत तुम्ही. नाव न घेता. आमच्या ह्यांना तर बाहेर आल्यावर कळलं, मला तिथेच कळलं."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, मी त्याने सोडली म्हणून आभार मानत होतो."

"हो, हो. म्हणजे घेत होता ना?"

दुसरा फोनही तसाच, तिसराही तसाच. एकाने तर साहेबांच्या हुशारीची तारीफ केली. असा सावध करणारा पाळक पाहिजे, म्हणाला. साहेबांनी फोन असा आपटला की पाळकीणबाईंच्या हातातली वाटी सांडली. फडक्याने पुसत त्या म्हणाल्या, "फोनवर कशाला राग काढता? तो बिचारा ऐकवतो फक्त."

"ही माणसं! चार-चार वेळा गुडघे टेकतात, आणि कान कुठे, तर दुसऱ्याच्या घरात."

"कान त्यांचे. तोंड कुणाचं होतं?"

साहेब खिडकीशी गेले. खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं. व्हॅन आत आली, दार उघडलं आणि तिच्यातून एकही मूल उतरलं नाही. थोड्या वेळाने हेडमास्तर बाहेर आले, त्यांनी हात पुढे केला आणि मामाने त्या हातावर किल्ली ठेवली. बोलणं ऐकू येत नव्हतं. बोलणं फारसं झालंही नसावं. मामा पायी फाटकाबाहेर पडला. चर्चकडे त्याने पाहिलं नाही.

साहेब झगा न घालता, चपला सरकवून निघाले. चर्च आणि शाळा एकाच आवारात, मधे फक्त लाल मातीचं मैदान. ते ओलांडताना ते देवाशी भांडत होते, तेही मोठ्याने, कारण मैदानात कुणी नव्हतं. "तुला तर सगळं आधीच माहीत असतं. मग मला थांबवता येत नव्हतं? एक ठसका द्यायचास. लाईट घालवायचीस. एरवी नको तेव्हा घालवतोस." मग त्यांना वाटलं, दर रविवारी आपण देवाला जे सांगतो ते त्याला अगोदरच ठाऊक असतं. मग ते सांगतो कुणाला? हा विचार त्यांना इतका टोचला की ते मैदानाच्या मधोमध थांबले. मग आणखी चिडून चालू लागले.

हेडमास्तर म्हणजेच चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. टेबल कोरं करकरीत, पेनं एका रांगेत, आणि व्हॅनची किल्ली पेपरवेटशेजारी.

"बसा, पाळकसाहेब."

"बसायला नाही आलो, सर. ती किल्ली त्याला परत द्या."

"मग पालकांना काय सांगू?"

"सांगा, तो माणूस सुधारलाय. ह्या गावात सुधारलेला माणूस चालत नाही का? सगळ्यांना काय कधी न बिघडलेलेच पाहिजेत?"

"तुम्ही उपदेशात हे म्हणता तेव्हा मलाही पटतं," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "पण आज मूल गाडीत बसवायचं आहे. तुम्हीच सांगा, तुमचं असतं तर?"

"त्याने गाडीवर थेंब घेतलेला नाही. कधीच."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्याने सांगितलं."

"बघा." हेडमास्तरांनी पेनं उगीच सरळ केली. "आणि एक सोपा मार्ग आहे. येत्या रविवारी तुम्ही म्हणा, की ते दुसऱ्याच कुणाबद्दल होतं. बाहेरगावच्या ड्रायव्हरबद्दल. लोक मान्य करतील. तुमचा शब्द आहे."

"वेदीपुढे उभा राहून खोटं बोलू?"

"मग खरं बोलून जे झालं तेच चालू द्या."

साहेबांचा तोल गेला. इतकी वर्षं मंडळीसमोर दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. टेबलावर दोन्ही हात टेकून ते वाकले आणि म्हणाले, "सर, मला सगळ्यांचं माहीत आहे. सगळ्यांचं. तुमच्या घरातलंसुद्धा, जे तुम्ही माझ्यापाशी रडत सांगितलं होतं, ते मी..."

वाक्य अर्धंच राहिलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा आणि उघडा दिसला. "धमकी देता?"

ती धमकीच होती. आणि ती लागू पडली होती हे त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता हात पुढे केला असता तर हेडमास्तरांनी किल्ली मुकाट्याने दिली असती. साहेबांना स्वतःची अशी शिसारी आली, की जीभ उपटून त्या पेनांशेजारी ठेवावी.

"नाही सांगणार," ते म्हणाले. आवाजात अजून राग होताच, फक्त त्याची दिशा बदलली होती. "किल्ली द्या, नाहीतर राहू द्या. तुमचं कुणाला सांगणार नाही. हे आधी ऐका, मग हवं ते ठरवा."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मी दिली तरी पोरं बसणार नाहीत. आया बसवणार नाहीत. रिकामी गाडी किती दिवस फिरवू? गाडीत कुणी मोठं माणूस असतं तर गोष्ट वेगळी."

"मी बसतो."

हे तोंडातून कसं निघालं, साहेबांना कळलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा लावून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "रोज?"

"रोज. पोरं चढवीन, उतरवीन, दार लावीन. आया माझ्यावर विश्वास ठेवतात ना? आज सकाळपासून तेच ऐकतोय."

हेडमास्तरांनी किल्ली सरकवली. "महिना संपेपर्यंत. मग बघू."

मामाचं घर म्हणजे एक खोली, आणि अर्धी खोली बहिणीच्या इस्त्रीच्या टेबलाने भरलेली. ती लोकांचे कपडे इस्त्री करायची. साहेब दारात आले तरी तिचा हात थांबला नाही.

"या, पाळकसाहेब. बसायला जागा नाही, सगळीकडे लोकांचे शर्ट आहेत. तुमच्या मंडळीतल्यांचेच. कॉलर ताठ लागते त्यांना."

मामा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. साहेबांची पहिली नजर खोलीच्या कोपऱ्यांत गेली. बहिणीने ती पकडली.

"शोधू नका. नाही आणली. तो आल्यापासून दारावर नजर आहे माझी." तिने इस्त्री उभी करून ठेवली. "एक विचारू का? देवाला माहीत नव्हतं म्हणून सांगितलंत?"

"ताई, माझं चुकलं."

"आईला आमच्या शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी. रिकाम्या बाटल्या पिठाच्या डब्यात लपवल्या. आणि तुम्ही माईकवरून बोललात. वर गळा काढलात."

काही बोललं तर उपदेश होईल, अशी साहेबांना भीती वाटत होती. त्यांनी किल्ली टेबलाच्या कडेला ठेवली आणि शाळेत काय ठरलं ते सांगितलं. स्वतःची धमकी मात्र गाळली. मग थांबले, आणि तीही सांगितली. काय माहीत आहे तेवढं वगळून.

मामा तेव्हा उठून बसला. डोळे लाल होते, पण ते रडून.

"म्हणजे माझ्यासाठी आता हेडमास्तरांचं उघडं करणार होता?"

"करणार होतो. केलं नाही."

"साहेब, मी तुमच्याकडे का आलो होतो माहिताय? डॉक्टरकडे लाईन असते, तिथे कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. तुमच्याकडे कुणी नसतं म्हणून." तो हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "मला काल प्यावीशी वाटली. इतक्या दिवसांत काल पहिल्यांदा. तुमच्या आभारांनंतर."

"चीड माझ्यावर. पाहिजे तेवढी चीड."

"ते तुम्ही नका सांगू. ते मी माझं बघतो."

बहिणीने पुन्हा इस्त्री उचलली. "गाडीवर जा," ती भावाला म्हणाली. "घरी बसलास तर लोक म्हणतील, बघा, खरंच होतं. ह्यांच्यासाठी नको जाऊस. त्यांच्या नाकावर टिच्चून जा."

मामाने किल्ली उचलली. "एक अट आहे. गाडीत प्रार्थना नाही. मोठ्याने नाही, हळूही नाही. तुमचे ओठ हलताना दिसले तर तिथेच उतरवीन."

"कबूल."

"आणि डोळे उघडे ठेवायचे. मागच्या दाराची कडी सैल आहे."

मंगळवारी सकाळी पाळकसाहेब व्हॅनच्या मागच्या पायरीवर उभे होते. पहिल्या घराच्या फाटकातून कुणी आलं नाही. मामाने इंजिन चालू ठेवून वाट पाहिली, मग गाडी काढली. दुसऱ्या घरी पडदा हलला, दार नाही उघडलं. साहेबांना उतरून ते दार बडवावंसं वाटलं, आतल्यांना चार शब्द ऐकवावेसे वाटले. आरशातून मामा त्यांच्याकडे बघत होता. साहेबांनी दांडा घट्ट धरला.

तिसऱ्या ठिकाणी एक आई मुलीचा हात धरून उभी होती. ही सोमवारची पहिली फोनवाली. तिने आधी साहेबांना पाहिलं, मग पुढे मामाला, मग पुन्हा साहेबांना.

"तुम्ही रोज असाल?"

"रोज."

तिने उसासा टाकून मुलीचं दप्तर वर दिलं. साहेबांना ते झेलता आलं नाही, ते पायरीवरून खाली पडलं आणि पाण्याची बाटली घरंगळत गाडीखाली गेली. साहेब गुडघे टेकून ती काढू लागले. आई हसू दाबत होती. मुलगी खिडकीशी बसली, पुढे वाकली आणि तिने विचारलं, "मामा, हे कोण?"

सकाळपासून मामा एक शब्द बोलला नव्हता. त्याने गिअर टाकला.

"मदतनीस," तो म्हणाला. "नवीन आहे. शिकेल."